फ्लेक्सवर जागा सोडायला शिका

मा. संपादक,

बेकायदा फलकांवर या सदरात पुष्कळ लिहून आले आहे. माझे म्हणणे परवानगी काढून लावलेल्या फलकांबद्दल आहे. साखर पेठेत माझे फ्लेक्सचे दुकान आहे; आधी स्क्रीन प्रिंटिंग करायचो. गिऱ्हाईक मॅटर आणतो, मी कॉम्प्युटरवर कोरलमध्ये मांडतो, की लगेच स्क्रीनवर बोट येते : "इथं जागा उरलीय की, अजून दोन फोटो बसतील." बसतात. मग सात रस्ता चौकात गाडीवरून जाणाऱ्याला वाढदिवस नेमका कोणाचा तेच कळत नाही. दर चौरस फुटावर, म्हणून मोकळी जागा पैसे वाया गेल्यासारखी वाटते, हेही खरे.

अशा गिऱ्हाइकाला मी जुन्या एलपींची, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या तबकड्यांची, कव्हरे दाखवतो. फूटभराचा चौकोन, बस्स. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'वर ना बँडचे नाव, ना अल्बमचे. काळ्यावर एक लोलक, आत शिरणारी पांढरी रेघ, बाहेर पडणारे रंग. तेही सहाच, तानापिहिनिपाजातला पारवा गाळलाय!

माझा आवडता मात्र जॅझच्या तबकड्या काढणाऱ्या ब्लू नोट कंपनीची कव्हरे करणारा रीड माइल्स. हाताशी पैसे बेताचे, म्हणून पुष्कळदा काळा आणि जोडीला एकच रंग. फ्रान्सिस वुल्फने काढलेला वादकाचा फोटो तो बेधडक कापायचा आणि उरलेल्या जागेत अक्षरेच चित्रासारखी मांडायचा. त्याला स्वतःला जॅझची फारशी गोडी नव्हती म्हणतात. (आम्ही तरी ज्यांचे फ्लेक्स करतो त्यांचे कुठे भक्त असतो?) बीटल्सचे १९६८ चे पांढरे कव्हर मी दाखवत नाही. रिचर्ड हॅमिल्टनने त्यावर नाव नुसते उठावात ठेवले. तसे काही सुचवले तर लोक ॲडव्हान्स परत मागतील.

जानेवारीत आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. बाहेरगावच्या माणसाला हवी असते नंदीध्वजांच्या मिरवणुकीची वेळ आणि मार्ग. मंडळांनी तेवढेच ठळक घ्यावे, पिवळ्यावर काळे. फोटो हवाच तर एक, मोठा. शुभेच्छुकांची नावे खाली बारीक अक्षरांत. अक्षरांना आउटलाइन आणि शॅडो दोन्ही नकोत. असे मॅटर जो आणेल, त्याच्याकडून डिझाइनचे पैसे मी घेणार नाही.

— एक फ्लेक्सवाला, साखर पेठ, सोलापूर