लखनौची रेसिडेन्सी

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय विन्या,

भाचीच्या लग्नाला लखनौला जाऊन आलो. लग्नाचं सविस्तर सौ. लिहीलच. मी हळदीच्या दुपारी, कोणी कामाला जुंपायच्या आत सटकलो आणि रेसिडेन्सी गाठली.

नवाब आसफउद्दौल्यानं इंग्रज रेसिडेंटसाठी, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या वकिलासाठी, बांधायला घेतलेली ही वसाहत. मेजवानीचा दिवाणखाना, खजिना, डॉक्टरचं घर, चर्च... बहुतेकांवर आता छप्पर नाही. गिलावा गळून विटा उघड्या पडल्यात आणि भिंतींना तोफगोळ्यांची भोकं. त्या दिवाणखान्याचंच सत्तावन्नच्या वेढ्यात इस्पितळ झालं. बायकामुलं तळघरात, जुलैच्या उकाड्यात! मी पाच मिनिटांत घामाघूम होऊन वर आलो.

३० जून १८५७ ला लखनौजवळ चिनहटला अवधचा इंग्रज चीफ कमिशनर हेन्री लॉरेन्सचा बंडवाल्यांकडून पराभव झाला आणि रेसिडेन्सीला वेढा पडला. लगेच त्याच्या खोलीत एक गोळा येऊन फुटला. खोली बदला म्हणून लोकांनी विनवलं, पण हा ऐकेना. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत दुसरा आला. ४ जुलैला गेला. कबर तिथेच आहे.

सप्टेंबरात हॅवलॉक आणि आउट्रम हे इंग्रज सेनानी सोडवायला आले ते स्वतःच आत अडकले. नोव्हेंबरात इंग्रजांचा सरसेनापती कॅम्पबेलनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि लगबगीनं कानपूरकडे फिरला, कारण तिकडे तात्या टोपे चालून आला होता. त्याच्याबरोबर फौज कुठली? ग्वाल्हेर कंटिन्जंट, इंग्रज अधिकाऱ्यांविरुद्ध उठलेली आपल्या मुरार छावणीची पलटण! फुलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीवरून आपण इतकी वर्षं सायकली दामटल्या, पण हे शाळेत कोणी सांगितल्याचं आठवतं का? घरी तर शिंदे सरकार त्या वेळी कोणाच्या बाजूनं होतं हा विषय निघाला की आजोबा पानाचा डबा पुढे ओढायचे.

एक गोष्ट खटकली. इंग्रजांनी हे अवशेष मुद्दाम तसेच राखले, वर १९४७ पर्यंत झेंडा रात्रीही उतरवला नाही. म्हणजे पडझडसुद्धा जिंकणाऱ्याच्या मर्जीनं जपलेली. आतल्या लढवय्यांत सातशेच्या आसपास हिंदी शिपाईही होते, पण फिरताना डोळ्यांत भरतात ते गोऱ्या साहेबांचेच दगड. बाहेरून सुरुंग खणणाऱ्यांची नावं मला तरी कुठे दिसली नाहीत. समोर गोमतीकाठी १९५७ चं शहीद स्मारक आहे, पांढरंशुभ्र. तिथे मात्र शुकशुकाट.

तुझ्या काकांकडे मुरार छावणीबद्दल काही जुने कागद होते ना? दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये. झेरॉक्स काढून लगेच परत देईन, शप्पथ.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मकरंद