पन्नास-शून्य आणि नानांचा ताप

परळ, मुंबई
रविवार, दुपार

प्रिय पक्या,

तुझा '50-0, आता बोल!' हा मेसेज पहाटे सव्वापाचला आला. म्हणजे बॉक्सर मेवेदर पन्नास लढती जिंकला, एकही हरला नाही, म्हणून तोच सगळ्यांत मोठा, असं तुझं म्हणणं. नाइट शिफ्ट करून आलेला माणूस झोपतो रे त्या वेळी. उत्तर मोबाइलवर मावणार नाही, म्हणून पोराच्या वहीची पानं फाडलीत.

मेवेदर मोठाच. समोरच्याचा ठोसा पोचेपर्यंत हा जागेवर नसायचा. 2001 साली त्यानं कोरालेसला पाच वेळा खाली पाडलं, ती लढत मी अजून काढून बघतो. माझं भांडण त्या आकड्याशी आहे. पन्नासावा कोण होता? कॉनर मॅकग्रेगर, मूळचा एमएमएचा, म्हणजे ठोसे-लाथा-कुस्ती सगळं चालणाऱ्या खेळाचा. 2017 ची ती त्याची व्यावसायिक बॉक्सिंगमधली पहिलीच लढत. क्रिकेटमध्ये आपण अशांना लिंबूटिंबू म्हणतो आणि चॅनेल बदलतो. आणि त्याच्याच काळातला दुसरा मोठा बॉक्सर पॅकियाओ? 2009-10 पासून लोक त्या दोघांची लढत मागत होते, ती झाली मे 2015 मध्ये. मधल्या काळात, डिसेंबर 2012 ला, मार्केझनं पॅकियाओला एका ठोशात असं पाडलं की तो तोंडावरच पडून राहिला. उशीर कुणामुळे झाला यावर वाटेल तेवढा वाद घाल. पण रेकॉर्डमध्ये नुसतं 'विजयी' लिहिलेलं असतं, तारीख कोण बघतो?

आता मुहम्मद अली. 56 जिंकला, 5 हरला. 1971 ला फ्रेझरनं शेवटच्या फेरीत त्याला आडवा केला आणि गुणांवर हरवलं. 1973 ला नॉर्टननं जबडा मोडला. पुढे अलीनं दोघांनाही दोन-दोनदा हरवलं, ते सोड. गंमत वेगळीच आहे. त्याच 1973 च्या जानेवारीत फोरमननं फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं होतं, आणि पुढच्या वर्षी नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत गुंडाळलं. म्हणजे अलीला ज्यांनी हरवलं, त्यांना फोरमननं धुतलं. त्या फोरमनसमोर 32 वर्षांचा अली ऑक्टोबर 1974 ला किन्शासात दोराला टेकून मार खात उभा राहिला, आणि आठव्या फेरीत त्यालाच पाडून मोकळा झाला. त्या रात्रीपर्यंत फोरमन 40-0 होता, पक्या! तुझा लाडका शून्य त्याच्याकडेही होता.

तू आता जुना हेवीवेट चॅम्पियन मार्सियानो काढणार. 49-0. बरं, माजी चॅम्पियन जो लुईला त्यानं 1951 ला हरवलं तेव्हा लुई 37 चा, निवृत्त होऊन आयकराच्या कर्जापायी परत आलेला. तो दोरांमधून बाहेर पडला, आणि मार्सियानो नंतर ड्रेसिंग रूममध्ये रडला म्हणतात. वॉलकॉटला हरवलं तेव्हा तो 38 चा. तरीही मी मार्सियानोला खाली ओढणार नाही, कारण एझर्ड चार्ल्स. चार्ल्सच्या नावावर वीसच्या वर पराभव आहेत, तुझ्या हिशेबानं रद्दी. पण त्यानं आर्ची मूरसारख्या तगड्या बॉक्सरला तीनदा हरवलं होतं. 1954 ला त्यानं मार्सियानोचं नाक असं फाडलं की लढत थांबते की काय अशी वेळ आली, आणि मग आठव्या फेरीत मार्सियानोनं ती संपवली. माझ्यासाठी ती एक रात्र बाकीच्या 48 पेक्षा जड आहे.

क्रिकेटमध्ये हे आपल्याला शिकवावं लागत नाही. गावस्करांच्या 34 शतकांत वेस्ट इंडिजविरुद्ध 13, हे परळचं पोरगंही सांगेल. पण आमचे बाबा त्यातली चार बाजूला काढून ठेवायचे, कारण 1978-79 ला रॉबर्ट्स, होल्डिंग हे त्यांचे वेगवान गोलंदाज पॅकरच्या खासगी मालिकेत गेलेले. गावस्करांचा फोटो देव्हाऱ्याच्या शेजारी लावणारा माणूस, पण हिशेबात सूट नाही.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. चाळीच्या गणपतीत कॅरममध्ये मी कधीच हरलो नाही, असं तू अजून पोरांना सांगतोस. तिसऱ्या वर्षी सेमीफायनलला तिसऱ्या माळ्यावरचे नाना लागले होते. गिरणीत त्यांच्या मधल्या बोटाचं टोक गेलेलं, म्हणून तर्जनीनं मारायचे. आदल्या रात्री पाणी भरायला उठलो तर ते गॅलरीत बल्बखाली एकटेच बसलेले. बोरिक पावडर भुरभुरायची, राणी, लगेच कव्हर, सोंगट्या परत लावायच्या, पुन्हा राणी, पुन्हा कव्हर. सात-आठ वेळा बघितलं, एकदाही चुकले नाहीत. सकाळी काखेत कांदा धरून मी अंथरुणात. आईनं कपाळाला हात लावला, नानांना पुढे चाल मिळाली. मी काही हरलो नाही.

गेल्या रविवारी ते जिन्यात भेटले. ऐंशी उलटलेत, कठडा धरला तरी हात थरथरतो. म्हणाले, "काय रे, ताप उतरला का तुझा? बस की एकदा."

तेव्हापासून डोक्यात लुई आणि ते दोर. बसलो तर मी जिंकणार, आणि मुद्दाम हरलो तर ते ओळखणार. बोर्ड माळ्यावरून काढून पुसलाय, पावडर आणायचीय. तू गणपतीला येईपर्यंत थांबा म्हटलंय त्यांना. वहिनींना नमस्कार, पोरांना हे पत्र दाखवू नकोस.

तुझा,
बंड्या