खोडलेला शब्द

प्रिय सखी,

सप्रेम नमस्कार. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे. तुझी दोन पत्रे अनुत्तरित राहिली. ड्यूटीचे कारण सांगत नाही, तुला ते पटणारही नाही.

काल सर्वसाधारण सभेत आपल्या संघटनेच्या नावातील ‘हृदयरोग’ जाऊन ‘अतिदक्षता’ आले आणि तो ठराव मांडण्याची पाळी माझ्यावरच आली. हस खुशाल! पहिल्या बैठकीत ‘अतिदक्षता’ हाच शब्द तू लिहिला होतास आणि मी तो तुझ्याच पेनाने खोडला होता. (ते पेन अजून माझ्याकडेच आहे.)

अमेरिकेतील परिचारिकांनी १९६९ साली हृदयविकार परिचारिकांची संघटना काढली आणि १९७१ मध्येच ती अतिदक्षता परिचारिकांची केली, हा दाखला तू तेव्हा दिला होतास. माझे उत्तर तयार होते: १९६० च्या दशकात हृदयरुग्णांचे स्वतंत्र कक्ष निघाले, तेथे मॉनिटरवरील लय ओळखून डॉक्टरांची वाट न पाहता शॉक देणे परिचारिका शिकल्या, आणि त्या कामासाठी नेहमीचे प्रशिक्षण अपुरे पडू लागले म्हणूनच संघटना हवी झाली, मग ते वेगळेपण नावातूनच का पुसायचे? या युक्तिवादात मला आजही खोट दिसत नाही. खोट होती ती आमच्या संघटनेच्या घटनेत, कारण आपलाच हृदयरुग्ण व्हेंटिलेटरवर गेला की त्याचा ओव्हर, म्हणजे पुढची जबाबदारी, घेणारी अतिदक्षता विभागातील सिस्टर सभासदत्वास अपात्र ठरत असे. तिच्याकडूनच आपण रात्री-अपरात्री शिकत होतो. तिकडे अमेरिकेत १९७५ मध्ये परिचारिकांच्या प्रमाणनासाठी वेगळी संस्था उभी राहिली आणि आज त्या संघटनेचे सभासद लाखाहून अधिक आहेत. आपण मात्र वर्गणी कोणाकडून घ्यायची नाही यावर बैठका खर्ची घातल्या.

आता खरी अडचण सांगते. स्मरणिकेत स्थापनेचा इतिहास मी लिहायचा आहे आणि इतिवृत्तात, माझ्याच अक्षरात, नाव ‘एकमताने’ ठरल्याची नोंद आहे. तुझा विरोध मी नोंदवला नव्हता. त्यानंतर तू समितीत राहिली नाहीस, त्याचे कारणही ‘वैयक्तिक’ असे लिहून मोकळी झाले. अध्यक्षांचे म्हणणे, आनंदाच्या प्रसंगी जुने उकरू नये. मला मात्र तो शब्द तुझ्या नावाने छापायचा आहे. तुझी हरकत असेल तर मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी, येत्या शुक्रवारपर्यंत कळव.

मुलीचा निकाल समजला, तिचे अभिनंदन. तुझी बदली झाली का?

तुझी,
रात्रपाळीची जोडीदारीण