कॉव्हेंट्रीच्या काकांना, स्पिटफायरवाल्यांकडून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश दोन आसनी गाडीचा पार्ट हवा म्हणून फोन केला की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कमिशन नंबर काय?", म्हणजे कारखान्याने गाडीच्या पाटीवर ठोकलेला क्रमांक. साल नंतर, रंग तर विचारतच नाही. मिडलंड्समध्ये या गाड्या चालत्या ठेवणाऱ्या आम्हा मराठी मंडळींचे किती पौंड आणि किती शनिवार या एका प्रश्नाने वाचले असतील! त्याबद्दल हे जाहीर आभार. तुम्ही सांगितलेल्या गोष्टी मुद्दाम तपशिलात लिहितो आहोत, म्हणजे नवीन गाडी घेणाऱ्यालाही त्या सापडतील.

1962 ते 1980 या काळात कॉव्हेंट्रीतल्या कॅनलीच्या कारखान्यातून स्पिटफायर बाहेर पडत होती. बदल मात्र 1 जानेवारीला होत नसत, अमुक कमिशन नंबरापासून होत. एमके1 आणि एमके2 (मार्क 1, मार्क 2, म्हणजे गाडीच्या आवृत्त्या) चा नंबर एफसीने सुरू होतो, एमके3 चा एफडीने, ब्रिटनमध्ये विकलेल्या एमके4 चा एफएचने. गाडीची नोंदणी कित्येकदा बनल्यानंतर काही महिन्यांनी झालेली असते, त्यामुळे कागदावरच्या सालावरून मागवलेला पार्ट चुकणारच. त्यातून पन्नास वर्षांत इंजिन बदललेलं असू शकतं, म्हणून तुम्ही ब्लॉकवरचा इंजिन नंबरही वाचायला लावता. 1296 सीसी म्हटलं की काम झालं असं वाटतं, पण एमके4 च्या इंजिनाचे बिग-एंड (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतात ते सांधे) एमके3 पेक्षा मोठे आहेत. सीसी तेवढीच, बेअरिंगचे शेल वेगळे. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) मोजल्याशिवाय शेल मागवायचे नाहीत, हे तुम्ही प्रत्येकाला बजावलंत.

सगळ्यात मोठे आभार थ्रस्ट वॉशरसाठी. मागच्या मेन बेअरिंगच्या दोन बाजूंना अर्धचंद्रासारख्या दोन पातळ चकत्या, एवढाच तो पार्ट. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो आणि सगळा भार मागच्या चकतीवर येतो. ती झिजत झिजत इतकी पातळ होते की खाचेतून निसटून खाली सम्पमध्ये, म्हणजे तेलाच्या तबकात, पडते. मग क्रँक थेट ब्लॉकवर घासतो आणि ब्लॉक कामातून जातो. तपासणी पाच मिनिटांची आहे: पुढच्या पुलीवर डायल गेज लावायचा, एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने काटा बघायचा. 0.015 इंच दिसले तर गाडी तिथेच उभी करायची. नव्या चकत्या मूळच्यापेक्षा पाच थाऊ (0.005 इंच) जास्त जाड अशाही मिळतात, म्हणून आधी प्ले (क्रँकची पुढे-मागे हालचाल) मोजायचा आणि मगच ऑर्डर द्यायची. बसवताना खाचा असलेली, पांढऱ्या धातूची बाजू क्रँककडे. उलट बसवलेल्या चकत्या आम्ही हातात घेऊन पाहिल्या आहेत: पांढरा धातू ब्लॉककडे जसाच्या तसा, आणि क्रँकच्या बाजूच्या नुसत्या पोलादावर निळसर जळकं कडं. सिग्नलला क्लच दाबून उभं राहायचं नाही, न्यूट्रल करायचं, ही सवयही तुमचीच देणगी.

दुसरी गोष्ट ट्रनियनची. पुढच्या चाकाची व्हर्टिकल लिंक (चाक धरणारा उभा दांडा) खाली आट्यांनी ट्रनियन नावाच्या सांध्यामध्ये फिरते. तिथे ग्रीस नाही, ईपी 90 गिअर ऑइल घालायचं. ग्रीस सगळ्या आट्यांपर्यंत पोचत नाही, घट्ट बसून राहतं आणि आत पाणी साठतं. लिंक बाहेर काढली की आट्यांच्या वरच्या टोकाला गंजाचं तपकिरी कडं दिसतं, आणि ती तुटते नेमकी तिथेच. चाक आडवं होतं. वर्षातून एकदा तरी प्लग काढून निपल लावायचा आणि नवीन तेल वरून बाहेर येईपर्यंत गन मारायची. डावा आणि उजवा ट्रनियन वेगळा, आटे उलट दिशेचे, तेव्हा जोडी मागवताना एकाच बाजूचे दोन आले नाहीत ना ते पाकीट उघडून बघायचं. ट्रनियन शेवटपर्यंत फिरवायचा, मग दोन्हीकडे पूर्ण लॉक मिळेल इतकाच मागे घ्यायचा. मद्रासला 1961 पासून बनलेल्या स्टँडर्ड हेरल्डचं पुढचं सस्पेन्शनही याच रचनेचं आहे. पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे हेरल्ड उभी आहे त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

ब्रेकच्या पाइपांबद्दल तुम्ही आवाज चढवून सांगितलंत ते बरं केलंत. जुन्या पाइपाचा नट 3/8 यूएनएफ, म्हणजे इंचाला 24 आटे. बाजारात मिळणारी काही जोडणी एम10 ची, म्हणजे 10 मिलिमीटरच्या मेट्रिक आट्यांची असते. एम10 चा नट जुन्या भोकात शिरत नाही, त्यामुळे चूक लगेच कळते. पण 3/8 चा नट एम10 च्या भोकात सैलसर शिरतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो आणि जोरात ब्रेक मारला की निसटू शकतो. नट हाताने फिरताना डुगडुगला तर तिथेच थांबायचं.

इग्निशनमध्ये काही गाड्यांवर ल्युकसचा डिस्ट्रिब्युटर, काहींवर डेल्को रेमीचा. एकाचे पॉइंट, कॅप, रोटर दुसऱ्याला चालत नाहीत, म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर ठोकलेलं वाचून मगच मागवायचं. कॉइलचं तसंच: मीटरवर 3 ओहमच्या आसपास असेल तर साधी, दीडच्या आसपास असेल तर बॅलास्टवाली, म्हणजे वायरिंगमध्ये वेगळा रोधक लागणारी. बॅलास्टवाली कॉइल साध्या वायरिंगवर लावली तर ती तापते आणि पॉइंट जळतात. आणि रोटर घेताना रिव्हेट नसलेला घ्यायचा. रिव्हेटवाल्या स्वस्त रोटरमधून ठिणगी सरळ शाफ्टमध्ये जाते, गाडी गरम झाली की बंद, थंड झाली की चालू. लोक मग कार्बोरेटर खोलत बसतात.

जुन्या स्टॅनपार्टच्या (स्टँडर्ड-ट्रायम्फच्या अस्सल पार्टचा ब्रँड) डब्यातला पार्ट दिसला की आमचे डोळे चमकतात. तुमचं मत साधं आहे: धातूचा असेल तर डोळे झाकून घ्या, रबराचा असेल तर हात लावू नका. चाळीस वर्षं कपाटात पडलेलं रबर न वापरताही म्हातारं होतं. पेट्रोलची नळी मात्र नवीच आणि आर9 (इथेनॉल सोसणारा दर्जा) छापलेलीच. सप्टेंबर 2021 पासून इथे साध्या पंपावर ई10 (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल) आलं, आणि जुन्या नळ्या त्यात मऊ पडून आतून सोलवटतात.

जीटी6 (स्पिटफायरची सहा सिलिंडरवाली बहीण) वाल्या मंडळींनी खास सांगायला लावलंय: मागच्या चाकांच्या शाफ्टवरच्या नव्या रोटोफ्लेक्स या रबरी कपलिंगभोवतीची लोखंडी पट्टी सगळे बोल्ट बसल्यावरच कापायची, हे तुम्ही वेळेवर सांगितलंत. आधी कापली तर रबर फुलतं आणि भोकं जुळत नाहीत.

काका, तुमच्या वहीतल्या ओव्हरड्राइव्हच्या (गिअरबॉक्समागच्या जादा गिअरच्या) पानांची झेरॉक्स मिळाली. त्याच्या डी टाइप आणि जे टाइप या दोन प्रकारांचे नंबर आता वेगळे लावून ठेवलेत. मागवलेला सोलेनॉइड आला की जुन्याच्या शेजारी टेबलावर ठेवून, तुम्ही शिकवलंत तसं मोजून, मगच पाकीट फोडू.

आपले,
मिडलंड्समधले मराठी स्पिटफायरवाले