आजोबांची मूस आणि फ्रायबर्गची खाण

कोल्हापूर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबांच्या डाव्या डोळ्याची पट्टी निघाल्याचे आणि आता घड्याळाचे काटे दिसू लागल्याचे धाकट्याने परवा पुण्याहून फोनवर सांगितले, तेव्हा फार बरे वाटले. तरीही डॉक्टरांनी सांगितलेले थेंब वेळेवर घालावेत आणि हे पत्र बाबांनी स्वतः वाचू नये. आईने दुपारच्या जेवणानंतर सावकाश वाचून दाखवावे, म्हणून अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे.

जर्मनीहून येऊन आठ दिवस झाले. "चांदीची खाण पाहिली" एवढेच मी तुम्हांला फोनवर बोललो होतो. त्यापुढचे फोनवर सांगता येईना. एक तर ते लांबलचक होते आणि दुसरे म्हणजे त्यातले बरेचसे हुपरीच्या आपल्या घराबद्दल आणि तिथल्या चांदीच्या कारखान्याबद्दल होते.

शिरोलीच्या आमच्या फौंड्रीतून मला ओतकामाच्या प्रशिक्षणासाठी फ्रायबर्ग नावाच्या गावी पाठवले होते, हे तुम्हांला ठाऊक आहे. गाव लहान आहे, परंतु खाणकाम आणि धातू गाळण्याची विद्या शिकवणारी तेथील संस्था १७६५ सालची असून ती आजही चालू आहे. तेथे ही विद्या रुजली ती चांदीमुळे. ११६८ साली मिठाच्या गाड्या घेऊन निघालेल्या गाडीवानांना चाकोरीत उघडा पडलेला एक चकाकता दगड दिसला, त्यांनी तो गोस्लार या जुन्या खाणगावी नेऊन तपासून घेतला आणि तो तिथल्या दगडांपेक्षा चांदीने अधिक भरलेला निघाला, अशी हकीकत तिकडे सांगतात. ती ऐकताना मला दगड सापडल्याचे अप्रूप वाटले नाही. तो तपासायला कोठे न्यावा हे त्या गाडीवानांना ठाऊक होते, याचे वाटले. बाबा, तुम्ही म्हणत असा की चांदी डोळ्यांना कळत नसते, टंच काढल्यावरच, म्हणजे शुद्धता तपासल्यावरच, ती चांदी. पुढे त्या मुलखाचा अधिपती ओटो याने, ज्याला खणायचे आहे त्याने यावे आणि अधिपतीचा हिस्सा देऊन खणावे, अशी मोकळीक दिली आणि लांबलांबून माणसे आली. गावाच्या नावाचा अर्थही मोकळा डोंगर असाच आहे.

शनिवारी सुट्टी होती म्हणून मी खाण पाहायला गेलो. खाणीचे नाव राइशे त्सेशे, म्हणजे श्रीमंत खाण. कोट, शिरस्त्राण आणि दिवा देऊन आम्हां दहा-बारा जणांना लोखंडी पाळण्यात उभे केले आणि पाळणा दीडशे मीटर खाली गेला. खाली गारठा होता, छतातून पाणी ठिबकत होते, आणि दिवे मालवून दाखवले तेव्हाचा अंधार असा होता की डोळे उघडे आहेत की मिटलेले हेही समजेना. आमच्याबरोबर असलेले वयस्क गृहस्थ आम्हांला एका जुन्या बोगद्याकडे घेऊन गेले. तो इतका अरुंद होता की मला अंग तिरपे करून शिरावे लागले. त्याच्या भिंतींवर छिन्नीचे घाव होते, बोटभर अंतराने तिरप्या रेघांनी मारलेले, जसे काही कालच कोणी मारून गेले असावे. दारू लावून खडक फोडणे तिकडे सतराव्या शतकात सुरू झाले. त्याआधी हातोडी आणि छिन्नी एवढीच अवजारे होती आणि त्या कठीण खडकात एक माणूस दिवसभर राबून काही सेंटिमीटरच पुढे सरकत असे. मी त्या रेघांवरून बोट फिरवले. आजोबांच्या ऐरणीच्या कडेला असेच घाव होते आणि लहानपणी मी त्यांवरून असेच बोट फिरवीत असे, ते तेव्हा आठवले.

तेथे मला पांढरी चांदी कोठेच दिसली नाही. त्या गृहस्थांनी शिशाच्या धातुकाचा, म्हणजे ज्यातून शिसे काढतात त्या दगडाचा, एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. लिंबाएवढा असूनही तो इतका जड होता की हात खाली गेला. करड्या रंगाचे, चौकोनी पापुद्र्यांचे ते चकाकणे शिशाचे होते; चांदी त्याच्या आत डोळ्यांना न दिसेल इतकी थोडी लपलेली असते. ती बाहेर काढण्याची रीत त्यांनी सांगितली, ती अशी. आधी धातुक भाजून आणि गाळून त्याचे शिसे करायचे. त्या शिशात चांदी उतरते. मग ते शिसे राखेच्या खोलगट चुलीत वितळवून वरून भात्याने वारा घालीत राहायचे. वाऱ्याने शिशाचे मुरदाडशिंग, म्हणजे भस्म, होते, त्यातले काही ओघळून जाते, काही राखेत जिरते, आणि शेवटची साय फाटते तेव्हा तळाशी राहिलेली चांदी एकदम लखकन उजळते.

बाबा, हे ऐकताना मी त्या खाणीत उरलोच नाही. आपल्या हुपरीच्या घराच्या परसात, चिंचेखाली, झारेकरी, म्हणजे केरातली चांदी गाळून काढणारा, आपली राखेची चूल पेटवून बसलेला मला दिसला. वर्षभर कारखान्याचा केर, पॉलिशच्या चिंध्या, मुशींचे तुकडे आणि हात धुतलेल्या पिंपातला गाळ तुम्ही त्याच्यासाठी राखून ठेवीत असा. तो ते सगळे जाळी, पाण्यात घोळी, शिसे घालून गाळी, आणि संध्याकाळी राखेच्या खळग्यात चांदीचे एक बटण उरे. मी सात-आठ वर्षांचा असेन. तुम्ही मला खांद्यावर घेऊन म्हणाला होता, "आता बघ, डोळा उघडंल." आणि खरोखर त्या लाल गोळ्यावरचा पडदा सरकून आत चांदी उघडली. आठशे वर्षांपूर्वी परमुलखातल्या माणसांनी ज्या रीतीने डोंगरातून चांदी काढली, त्याच रीतीने आपला झारेकरी आपल्या केरातून ती परत काढीत होता, आणि ती रीत तो कोणत्याही शाळेत शिकलेला नव्हता. मी गेली अठरा वर्षे फौंड्रीत रोज लोखंड वितळवतो, मळी काढतो, तापमान मोजतो. पण हे मी प्रथम कोठे पाहिले, हे मला दीडशे मीटर जमिनीखाली जाऊन कळावे, याचे मला वाईट वाटले.

खाणीच्या वरच्या दालनात भिंतीवर एक जुने चित्र लावलेले आहे. अॅग्रिकोला नावाच्या वैद्याने खाणकामावर लिहिलेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर १५५६ साली छापल्या गेलेल्या ग्रंथातले ते आहे. हा वैद्य योआखिम्सथाल या खाणगावात काही वर्षे राहिला होता. त्याच गावच्या चांदीच्या नाण्यांना थालर म्हणत आणि त्यावरूनच पुढे डॉलर हा शब्द आला. परंतु मला सांगायचे आहे ते त्या चित्राबद्दल. त्यात शिसे-चांदीच्या चुलीपाशी बसलेला कामगार लोणी खातो आहे, कारण लोणी खाल्ले की चुलीतून निघणारा विषारी धूर बाधत नाही, असे त्या काळी मानत. आई, मला तू आठवलीस. भट्टी लागायच्या दिवशी सकाळी तू प्रत्येक कारागिराच्या हातावर गुळाचा खडा ठेवीत होतीस आणि तो त्याने तोंडात टाकल्याशिवाय आत जाऊ देत नव्हतीस. आमच्या फौंड्रीतही पाळीच्या सुरुवातीला गूळ देतात. लोण्याने शिशाचे विष उतरत नसते, आणि गुळाने किती उतरते ते मी सांगणार नाही. पण धुरात बसणाऱ्या माणसाची काळजी करणारे कोणीतरी बाहेर उभे होते, एवढे त्या चित्रावरूनही दिसते.

आजोबांचा खोकला मात्र गुळाने थांबला नाही, आणि हेही मला लिहिलेच पाहिजे. तिकडे दहा-बारा वर्षांची मुले धातुक फोडून निवडायला बसवीत आणि खाणीत उतरणारी माणसे छातीच्या आजाराने लवकर जात, असे त्या गृहस्थांनी सांगितले, तेव्हा ते स्वतः थोडा वेळ गप्प राहिले. आपल्याकडे तेजाबाच्या वाफेत पैंजण धुणारे आजोबा, उंबऱ्यात बसून घुंगरू ओवणाऱ्या आजी आणि आत्या, दिव्याच्या ज्योतीवर फुंकणी मारून मारून गाल दुखलेले तुम्ही, यांची आठवण मी तेव्हा त्या लोकांच्या शेजारी ठेवली. बाबा, दहावीच्या निकालानंतर तुम्ही मला तंत्रनिकेतनात घातलेत आणि "हा धूर तुझ्या छातीत नको" असे म्हणालात. त्या वाक्याचे वजन तेव्हा मला कळले नाही. उलट कोल्हापुरातल्या मुलांत बसताना मी "वडिलांचा चांदीचा व्यवसाय आहे" असे सांगत असे, जणू आपली गुजरीत पेढी असावी. व्यापाऱ्याकडून चांदी आणून, दागिना घडवून, तोलून परत देऊन मजुरी घेणारे कारागीर आहेत, हे मी सांगितले नाही. ते आज सांगावेसे वाटते, आणि त्याबद्दल तुमची क्षमाही मागतो.

आजोबांच्या कानाबद्दलही त्या दिवशी मी पुष्कळ विचार केला. लग्नसराईत लोक तोड्यांसाठी राणीछाप, राजाछाप रुपये घेऊन येत, तेव्हा ते एकेक रुपया फरशीवर वाजवून दोन ढीग करीत. जुना रुपया तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा, त्यातले बारापैकी अकरा भाग चांदी. १९४० पासून युद्धाच्या काळात ती निम्म्यावर आली. हे आकडे मी नंतर पुस्तकातून शिकलो, आजोबा ते कानाने ओळखीत. गिऱ्हाइकाने हट्ट धरला तरी युद्धातला रुपया त्यांनी जुन्या रुपयांत कधी मिसळला नाही, ही गोष्ट तुम्हीच सांगितलेली आहे आणि ती मी माझ्या मुलांना सांगितली आहे.

आता मुख्य गोष्ट लिहितो. जाण्यापूर्वी तुम्ही मला म्हणाला होता की घराची माडी गळू लागली आहे, भाडेकरू मागतो आहे, तर कारखान्यातले जुने लोखंड मोडीत देऊन खोली मोकळी कर. मी आल्यावर रविवारी पट्टणकोडोलीवरून हुपरीला गेलो. मोडवाला ठरल्याप्रमाणे काटा घेऊन आला होता. त्याने ऐरण, चिमटे, साचे, तारेचा ओढा आणि भाता एकदम तोलून भाव सांगितला. मी त्याला परत पाठवले. तुमचे ऐकले नाही, याबद्दल रागावू नये. फ्रायबर्गमध्ये १९६९ साली खाण बंद झाली, तेव्हा ती बुजवून टाकता आली असती. तिथल्या लोकांनी ती शिकणाऱ्या मुलांसाठी उघडी ठेवली, आणि २०१९ साली तो सारा डोंगरी मुलूख जागतिक वारसा म्हणून गणला गेला. आपली खोली दहा बाय बाराची आहे आणि तिला कोणी वारसा म्हणावे अशी माझी मागणी नाही. माडीचे पत्रे मी दिवाळीआधी बदलून घेतो, खर्चाची तजवीज झाली आहे. भाडेकरूला पुढची खोली देऊ. मागची खोली आहे तशी राहावी, एवढीच विनंती आहे.

यंदा खंडेनवमीला तुम्ही दोघांनी यावे, अशी इच्छा आहे. गाडी घेऊन मी स्वतः पुण्याला येतो. तोवर अवजारे घासून, तेल लावून ठेवतो. तुम्ही प्रत्येकाचे नाव आणि काम सांगावे, मी लिहून घेईन. थोरल्या नातवाला तार ओढून दाखवायला जमेल तेवढे दाखवावे, हात थरथरत असले तरी चालेल, धरायला मी आहे.

एक गोष्ट मात्र आधी विचारतो, कारण तुम्हांला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. आजोबांचे जंतर, म्हणजे तार ओढायची भोकांची पट्टी, मी कोनाड्यातून काढून पुसले. त्याच्या शेवटून तिसऱ्या भोकात चांदीच्या तारेचा वीतभर तुकडा अडकून राहिलेला आहे, काळा पडलेला, एक टोक चेपून चिमट्यात धरण्यासारखे केलेले. ती तार आजोबांनी ओढायला घेतली होती की तुम्ही? ती तशीच राहू देऊ, की पुढे ओढून पुरी करू?

तुमचा,
थोरला