कॅल्शियम रिॲक्टरचा सोलेनॉइड बंद होत नाही : तक्रार पुन्हा उघडण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कॅल्शियम रिॲक्टर संचातील सदोष सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि माहितीपुस्तिकेतील चुकीच्या सूचना

महोदय,

मी नेरुळला राहतो. घरी समुद्राच्या पाण्याचा टॅंक आहे, त्यात प्रवाळे पाळतो. त्यांना कॅल्शियम पुरवण्यासाठी मार्च महिन्यात आपल्याकडून कॅल्शियम रिॲक्टरचा पूर्ण संच ४१,५०० रुपयांना घेतला. त्यात रिॲक्टर, त्यात भरायचा मीडिया (अरॅगोनाइट या चुनखडीचे खडे), सीओटूचा म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा रेग्युलेटर, सोलेनॉइड (हा वायू विजेवर चालू-बंद करणारा व्हॉल्व्ह), तो चालवणारा पीएच कंट्रोलर आणि पीएच मोजणारे प्रोब होते. सिलिंडर माझा, तुर्भे एमआयडीसीतून भरून आणलेला. मे अखेरीस या संचामुळे माझ्या टॅंकमधली सात प्रवाळे गेली. मी फोटो, व्हिडिओ आणि रोजच्या नोंदी पाठवल्या. त्यावर आपल्या तांत्रिक विभागाने ‘ग्राहकाने चुकीचे सेटिंग केले’ असे एका ओळीत लिहून तक्रार बंद केली. ते उत्तर मला मान्य नाही. का नाही, ते सविस्तर सांगतो.

टॅंक ३०० लिटरचा, सहा वर्षांचा. रोज रात्री आठ वाजता मी अल्कलिनिटी, म्हणजे ढोबळमानाने पाण्यातल्या कार्बोनेटची पातळी, मोजतो आणि वहीत लिहितो. प्रवाळे सांगाडा बांधतात तेव्हा पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतात, आणि माझ्या टॅंकमध्ये त्यामुळे अल्कलिनिटी दिवसाला १.२ डीकेएच (ती मोजण्याचे एकक) उतरते. इतकी वर्षे ही तूट मी हाताने द्रावणे घालून भरत होतो. प्रवाळे वाढली तशी ती रोजची मोजामाप मला झेपेना, म्हणून रिॲक्टर घेतला. सीओटूमुळे आम्ल झालेले पाणी अरॅगोनाइट विरघळवते आणि प्रवाळाला जे हवे ते त्याच प्रमाणात पाण्यात येते : अल्कलिनिटीच्या प्रत्येक २.८ डीकेएचमागे २० पीपीएम कॅल्शियम. योग्य लावला तर याच्यासारखे दुसरे साधन नाही, हे मी आजही म्हणतो.

पण तो लावायचा कसा? आपली पुस्तिका सांगते की रिॲक्टरमधला पीएच ६.६ ठेवा, सीओटूचे बुडबुडे मिनिटाला २० आणि बाहेर पडणारे पाणी मिनिटाला ६० थेंब. टॅंक किती लिटरचा, त्यातली प्रवाळे दिवसाला किती खातात, याचा पुस्तिकेत एक शब्दही नाही. मी आधी मुकाट्याने तसेच लावले. पहिल्या दिवशी ८.३ असलेली अल्कलिनिटी तिसऱ्या दिवशी ६.४ वर आली.

मदतीसाठी फोन केला. आपल्या प्रतिनिधीने सांगितले, ‘सर, बुडबुडे ६० करा, सगळं ठीक होईल.’ मी केले. काहीच फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. कंट्रोलर ६.६ ला सोलेनॉइड बंद करतो. बुडबुडे तिप्पट केले तर तो ६.६ ला लवकर पोहोचतो आणि लवकर बंद होतो, बाहेर येणारे पाणी मात्र तेवढ्याच ताकदीचे राहते. ते मी मोजले : २५ डीकेएच.

मग हिशोब करायला बसलो. साठ थेंब म्हणजे साधारण ३ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला ४.३ लिटर पाणी. त्यात टॅंकपेक्षा १७ डीकेएच जास्त आहे. ते ३०० लिटरवर पसरले की दिवसाला जेमतेम ०.२४ डीकेएचची भर पडते. गरज १.२ ची. पुस्तिकेप्रमाणे लावल्यावर माझ्या प्रवाळांना गरजेच्या एक पंचमांश मिळत होते. १.२ भरून काढायला दिवसाला २१ लिटर पाणी बाहेर पडले पाहिजे, म्हणजे मिनिटाला १५ मिलिलिटर. थेंब मोजणे सोडून मी मापाचा सिलिंडर आणि घड्याळ घेऊन नळी उघडत गेलो. बरोबर १५ वर आणून ठेवली. त्यानंतर अकरा दिवस अल्कलिनिटी ८.३ च्या आसपास आणि कॅल्शियम ४२० वर स्थिर राहिले. त्या अकरा दिवसांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. ज्याला आपण ‘चुकीचे सेटिंग’ म्हणता ते हेच सेटिंग आहे.

आणखी एक गोष्ट. प्रोब जुळवण्यासाठी संचात ७ आणि १० पीएचची द्रावणे दिली आहेत. टॅंकच्या प्रोबला ती योग्य आहेत. रिॲक्टरचा प्रोब ६.६ च्या आसपास काम करतो, त्याला ७ आणि ४ हवीत. ४ चे द्रावण मी प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानातून स्वतः आणले. तक्रारीचा मुख्य मुद्दा हा नाही, पण एवढ्या महागड्या संचात हे चुकायला नको होते.

आता मुख्य प्रकार. मे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही घरचे सगळे वाईला लग्नाला गेलो आणि रविवारी रात्री परतलो. दार उघडल्यावर नेहमी सवयीने टॅंककडे नजर जाते. एकाही प्रवाळाचा पॉलिप, म्हणजे सांगाड्यातला मऊ जीव, बाहेर नव्हता. ॲक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळांची टोके पांढरी पडली होती आणि एकाची कातडी बुंध्यापासून सुटून पाण्यात तरंगत होती. टॅंकचा पीएच ८.१ वरून ७.६ वर आणि अल्कलिनिटी ११.२ वर गेली होती. रिॲक्टरमधून येणारे पाणी ४४ डीकेएच भरले. तळातल्या मीडियाचा अक्षरशः लगदा झाला होता.

कंट्रोलरवर ६.० दिसत होते. सोलेनॉइडचा दिवा विझलेला होता, म्हणजे कंट्रोलरने त्याला बंद व्हायला सांगितले होते. तरीही बबल काउंटरमध्ये, म्हणजे बुडबुडे दिसतात त्या नळीत, मिनिटाला ६० बुडबुडे येतच होते. मी सोलेनॉइडचा प्लग भिंतीतून काढला. बुडबुडे चालूच. दहा मिनिटे तसेच बसून पाहिले. शेवटी सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह पिळला तेव्हा ते थांबले. हे सगळे सलग एका व्हिडिओत आहे आणि त्यात प्लग माझ्या हातात दिसतो.

आपल्या विभागाचे म्हणणे असे की ‘नीडल व्हॉल्व्ह पूर्ण बंद केलेला नव्हता.’ साहेब, मी बावीस वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला काढली आहेत. नीडल व्हॉल्व्ह प्रवाहाचा वेग ठरवण्यासाठी असतो. तो वायू तोडण्यासाठी वापरायचा नसतो, आणि त्यासाठी घट्ट पिळला तर त्याची सीट खराब होते. वायू तोडणे हे सोलेनॉइडचे काम. असा व्हॉल्व्ह ‘नॉर्मली क्लोज्ड’ असतो, म्हणजे वीज गेली की त्याने बंदच व्हायचे असते. प्लग काढल्यावरही जो उघडा राहतो, त्याला सदोष याशिवाय दुसरा शब्द नाही. शिवाय नीडल व्हॉल्व्ह बंद ठेवला तर रिॲक्टर चालणार कसा, हे आपल्या उत्तरात कुठेच नाही. आणि तो ६० बुडबुड्यांवर उघडायला मला आपल्याच प्रतिनिधीने सांगितले होते.

गेलेल्या सातांपैकी एक निळ्या टोकांचा ॲक्रोपोरा होता. मुलगी दहावीला असताना अंगठ्याएवढा तुकडा आणला होता, परवान्याच्या कागदपत्रांसकट. गेल्या दिवाळीत तो तळहाताएवढा झाला होता. मुलगी आता शिकायला पुण्याला आहे आणि फोनवर आधी त्याची चौकशी करते. तिला सांगायला मला चार दिवस लागले. हे पत्रात लिहावे की नाही, याचा विचार केला. लिहिले, कारण आपल्याकडे हा कदाचित एक तक्रार क्रमांक असेल, आमच्या घरी तो एक जीव होता.

माझे म्हणणे असे. सोलेनॉइड आणि रेग्युलेटर परत घेऊन त्यांची पूर्ण किंमत द्यावी. मला बदली व्हॉल्व्ह नको, त्या बनावटीवर माझा विश्वास राहिलेला नाही. लगदा झालेल्या मीडियाचे आणि त्यानंतर ६० लिटर पाणी दोनदा बदलावे लागले त्या मिठाचे पैसे मिळावेत. पावत्या सोबत आहेत. प्रवाळांची किंमत मी मागत नाही, ती मला लावताच येत नाही. पुस्तिकेतले ते ‘६० थेंब’ काढून त्या जागी टॅंकच्या रोजच्या खपावरून प्रवाह कसा काढायचा ते मराठीत आणि हिंदीत छापावे. वरचा हिशोब हवा तर तसाच घ्यावा, माझे नाव घालण्याची गरज नाही.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. पहिल्या वेळी पोच नवव्या दिवशी आली. या वेळी महिनाभरात लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सोलेनॉइड मी उघडलेला नाही, त्यावरचे सील शाबूत आहे. आपला माणूस नेरुळला येऊन माझ्यासमोर तपासणार असेल तर कोणत्याही रविवारी यावे.

एक काम मात्र महिनाभर थांबू शकत नाही. हाच संच घेतलेल्या प्रत्येकाला आजच कळवा की सोलेनॉइडचा प्लग काढून पाच मिनिटे बबल काउंटर पाहा, आणि एक जरी बुडबुडा आला तरी सिलिंडर मुख्य व्हॉल्व्हवरून बंद करा. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलेली घरे आता परत येत आहेत, आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज ये-जा करते.

आपला,
एक ग्राहक
नेरुळ, नवी मुंबई

सोबत : खरेदीची पावती, मीडिया आणि मिठाच्या पावत्या, अल्कलिनिटीच्या नोंदवहीची पाने, व्हिडिओ, आपल्या विभागाचे उत्तर