ती चौदा मिनिटे कुठे गेली?

महोदय,

कालच्या पुरवणीत आपल्या समीक्षकांनी त्या मंगळपटाला अडीच स्टार दिले आणि अंतराळात स्फोटाचा आवाज ऐकू येतो म्हणून झोडपले. निर्वात पोकळीत आवाज जात नाही हे त्यांना ठाऊक आहे, अभिनंदन. पण हाच नियम लावायचा तर '२००१ : अ स्पेस ओडिसी'सारखे (१९६८) मोजकेच चित्रपट पास होतील. 'द मार्शियन'ही (२०१५) नापास. मंगळाच्या हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, तिथले वादळ यान कसले कलंडवणार? तरी तो चित्रपट चांगला, कारण पुढे अन्नापासून पाण्यापर्यंत सगळा हिशेब तो चोख ठेवतो.

खरी गफलत समीक्षकांच्या नजरेतून सुटलीच. शुक्रवारी मी भाचीला घेऊन हा चित्रपट पाहिला. सुरुवातीलाच कप्तान बजावते, पृथ्वीवर निरोप पोचायला चौदा मिनिटे लागतात. बरोबर आहे, दोन ग्रहांतल्या अंतराप्रमाणे तीन ते बावीस मिनिटे लागतातच. उत्तर उशिरा आले म्हणून एक जण प्राणाला मुकतो. इथवर मी अगदी खुर्चीच्या कडेवर. आणि शेवटी काय, तर मंगळावरची आई आणि पृथ्वीवरचा मुलगा पडद्यावर समोरासमोर गप्पा मारतात! एकमेकांचे बोलणे मध्येच तोडतात, एकाच वेळी रडतात. सभोवार रुमाल निघाले होते. भाची कानाशी लागली, "मामा, ती चौदा मिनिटं कुठे गेली?" मी तिला गप्प बस म्हणालो, कारण माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते परीक्षणात मिळेल म्हणून काल मोठ्या आशेने पुरवणी उघडली. तिथे या प्रसंगाला दोनच शब्द: 'हृद्य शेवट'.

अहो, चित्रपट सुमार झाला तो इथेच! विज्ञानाचा नियम मोडला तर एक वेळ चालेल. स्वतःच घातलेला, ज्याच्यापायी एकाचा जीव घेतला तो नियम रडारडीसाठी मोडायचा नाही. टाकाऊ चित्रपट कुणीही ओळखतो. सुमार चित्रपट नेमका कुठे सैल पडला ते दाखवायलाच तर समीक्षक लागतो.

'तुटपुंज्या बजेटमुळे' ही सबबही नको. 'प्रायमर' (२००४) सुमारे सात हजार डॉलरमध्ये झाला. त्यातले कालयंत्र म्हणजे एक खोके. चित्रपट दोनदा पाहूनही मला निम्माच कळला, पण त्याने मला फसवले असे कधी वाटले नाही.

जाता जाता आणखी एक. परीक्षणासोबतच्या छायाचित्राखाली कोण मरतो त्याचे नाव छापण्याची काय गरज होती? आमच्या घरी एकीचे चित्रपट पाहणे राहिले आहे. तिने आधी छायाचित्रच पाहिले. तिचे तिकीट काढून झाले आहे.

आपला,
एक जुना वाचक